गोडोमध्ये किल्ल्याचा तट: एकच चर्या घडवा

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारखा तट गोडो ४ या गेम इंजिनमध्ये उभारताना प्रत्येक चर्येला (तटाच्या माथ्यावरच्या दात्याला) वेगळा नोड (दृश्यातला स्वतंत्र घटक) दिला, की कमी रॅमचा लॅपटॉप रखडतो. त्याऐवजी असं करा:

१. एकच चर्या नीट बनवून तिचा मेश (त्रिमितीय आकार) फाइल म्हणून सेव्ह करा.
२. मल्टिमेशइन्स्टन्सथ्रीडी नोड घ्या, त्यात नवा मल्टिमेश (एकाच मेशच्या अनेक प्रती एकत्र दाखवणारा) आणि त्याला ही मेश फाइल द्या.
३. स्क्रिप्टमध्ये आधी ट्रान्सफॉर्म फॉरमॅट थ्रीडी करा, मगच इन्स्टन्स काउंट (प्रतींची संख्या) द्या. हा क्रम उलटवू नका. पुढे लूप लावून प्रत्येक प्रतीची जागा ठरवा.

दगडाचं टेक्श्चरही (पृष्ठभागावर लावायचं चित्र) बघाच, माझ्या मते मोठी बचत तिथेच होते. कॉम्प्रेस न केलेलं २०४८×२०४८ चं आरजीबीए टेक्श्चर मिपमॅप (लांबून दाखवायच्या लहान प्रती) सोडून १६ एमबी खातं, १०२४×१०२४ चं फक्त ४ एमबी. इम्पोर्ट टॅबमध्ये साइज लिमिट १०२४ करून रीइम्पोर्ट दाबा. तट खेळाडूला बहुधा लांबूनच दिसतो, फरक जाणवत नाही.

जपायचं एकच: मल्टिमेशचा थोडासा भाग कॅमेऱ्यात आला तरी तो अख्खा रेंडर होतो. म्हणून दोन बुरुजांमधल्या प्रत्येक भिंतीला वेगळा मल्टिमेश ठेवा.