स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांसाठी घरात आधीच करून ठेवायची तयारी

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले की औषधांच्या फाइलीसोबत आणखी एक फाइल त्याच आठवड्यात तयार करावी, कारण माणूस बेपत्ता झाल्यावर घरच्यांना त्याच्या अंगावरच्या सदऱ्याचा रंगही नीट आठवत नाही. तिच्यात चेहऱ्याचे आणि पूर्ण उंचीचे अलीकडचे छायाचित्र, शरीरावरच्या खुणा, आजार आणि औषधे यांच्यासोबत ते कोणत्या हाकेला ओ देतात हेही लिहावे. मात्र हाक ऐकूनही ते गप्प राहू शकतात, म्हणून शोधणाऱ्यांनी आवाजावर विसंबू नये.

सर्वांत जास्त वेळ जुन्या ठिकाणांच्या यादीला द्यावा. भावंडांना आणि जुन्या शेजाऱ्यांना विचारून पूर्वीची घरे, शाळा, नोकरीची जागा, देऊळ, बाजार आणि तिथे जाण्याचे नेहमीचे रस्ते उतरवून काढावेत. नागपुरात आज बेसा किंवा मनीषनगरसारख्या नव्या वस्तीत राहणारे आजोबा संध्याकाळी अस्वस्थ होऊन ‘घरी जातो’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनातले घर जुन्या शहरातल्या महाल-इतवारीतले असू शकते. ज्यांची उमेदीची वर्षे एम्प्रेस मिल या कापडगिरणीत गेली, ते मिल बंद होऊन किती काळ लोटला हे विसरून पाळीवर जायला निघू शकतात. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात आणि रेल्वे स्थानकातून चारही दिशांना गाड्या सुटतात, त्यामुळे ते दूरवर जाऊ शकतात; म्हणून रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांकही फाइलीत असावा.

रोजच्या कपड्यांना आतून दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवावी. जीपीएस घड्याळ उपयोगी आहे, पण ते चार्ज करण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर ठरवून द्यावी. चौकीदार, कोपऱ्यावरचा पानठेलेवाला आणि ऑटोस्टँडवरचे चालक यांना आजाराची कल्पना द्यावी. संकोचापोटी आजार लपवणे मला फार धोक्याचे वाटते, कारण त्यांना थांबवू शकणारी पहिली माणसे हीच असतात.

ते दिसेनासे झाले तर गच्ची, न्हाणीघर, अडगळीची खोली, जिन्याखालची जागा, उभ्या गाड्या आणि आवारातली विहीर लगेच पाहावी, एकाने घरीच थांबावे आणि ११२ वर फोन करावा. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात तहान-सावलीचे भान न राहिलेल्या माणसासाठी काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. पोलीस श्वान येण्याची शक्यता धरून न धुतलेला सदरा किंवा उशीचा अभ्रा स्वच्छ पिशवीत बंद करून ठेवावा. जवळपासचे तलाव, नाले, झुडपे आणि कुंपणामागच्या अरुंद जागा आधी पाहाव्यात, कारण अशी माणसे बरेचदा घराच्या आसपासच अडकलेली सापडतात. दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांत अनोळखी रुग्णांची चौकशी एका व्यक्तीकडे सोपवावी.

ते सापडल्यावर समोरून, सावकाश जवळ जावे, रागावू नये, पाणी द्यावे आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पोलिसांना कळवून शोधासाठी समाजमाध्यमांवर टाकलेले संदेश काढून टाकावेत आणि ते कुठे, कोणत्या रस्त्याने गेले होते याची नोंद फाइलीत करावी, कारण पुन्हा निघाले तर ते तोच रस्ता धरण्याची शक्यता असते.