एमसीएडी असलेल्या लेकराचा ताप आणि रात्र कशी सांभाळायची

आपल्याकडे ताप आला, उलट्या लागल्या की म्हातारी माणसं पहिलं सांगतात, लंघन करू द्या, पोटाला आराम पडेल. माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच चालत नाही. त्याला एमसीएडी आहे, म्हणजे मधल्या लांबीची फॅटी ॲसिड तोडणारं एन्झाइम जन्मापासूनच काम करत नाही, मग पोट रिकामं राहिलं आणि अंग चरबी जाळायला लागलं की ती अर्धवटच तुटते, कार्निटीनला (अंगात चरबी वाहून नेणारा पदार्थ) चिकटून रक्तात साचते आणि साखर पण उतरते.

बरं असताना साधारण हिशोब असा: ६ महिने ते १ वर्ष ८ तास, दुसऱ्या वर्षात १० तास, त्यानंतर १२ तास, याच्यावर उपाशी ठेवायचं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे तास डॉक्टरच ठरवतील. आपल्या खानदेशात कानबाई देवीचे रोट (नैवेद्याच्या जाड पोळ्या) व्हायला उशीर होतो, तर नैवेद्याची वाट न बघता पोराला आधीच जेवू घाला, कानबाई काही रागवत नाही.

आजारपणात मात्र हे तास विसरा. थोडं थोडं गोड पाणी, डॉक्टरांनी सांगितलेलं ग्लुकोजचं मिश्रण, दिवसा आणि रात्री उठवून पण. पोटात टिकत नसेल, पोरगं सुस्त पडलं असेल तर सरळ दवाखाना. ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवून बसू नका, साखर सगळ्यात शेवटी पडते, आकडा नॉर्मल असतानाही पोरगं गंभीर असू शकतं आणि रावेर-यावलकडून जळगाव गाठेपर्यंत वेळ जातोच.

जेवण घरचंच, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वरण, केळी सगळं चालतं. खोबरेल तेल आणि एमसीटी तेल मात्र नाही, यात नेमकी तीच मधली फॅटी ॲसिड असतात. एलसीएचएडी, म्हणजे लांब फॅटी ॲसिड न तुटण्याचा वेगळा आजार, असलेल्या पोरांना एमसीटी देतात, ते कोणीतरी वाचतं आणि आपल्याला सांगतं, ऐकू नका.

आईबाप दोघं कॅरियर (स्वतःला आजार नाही, पण त्याचा एक बिघडलेला जीन अंगात) असले तर दर बाळंतपणाला २५ टक्के धोका, म्हणून पुढच्या बाळाची टाचेच्या रक्ताची टीएमएस टेस्ट (रक्तात साचलेले असे पदार्थ मोजणारी तपासणी) ४८ ते ७२ तासांत करायला आधीच सांगून ठेवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्यालाही उपाशी ठेवू नका.

स्पेशालिस्टकडून इमर्जन्सीचं पत्र घ्या, त्यात १० टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून ग्लुकोजचं सलाईन) लगेच चालू करा असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नाहीतर रात्रीच्या ड्युटीवाल्या डॉक्टरला समजावण्यातच अर्धा तास जातो. आम्ही लॅमिनेट करून एक शाळेत दिलंय, एक गाडीच्या डिक्कीत, एक आजीच्या पिशवीत.