शेकडा तीनचा हिशेब मुलांसोबत कसा मांडावा

गणिताने मनाला ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय लागते, आणि पेरणीच्या तोंडावर उसनवारी करणाऱ्या विदर्भातील शेतकरी घराला तिची फार गरज आहे. शेकडा तीन हा दर ऐकायला हलका वाटतो; म्हणून तो महिन्याचा की वर्षाचा, हे मुलांना आधी विचारायला लावावे. त्यानंतर वर्षअखेरच्या देण्याचा अंदाज त्यांच्याकडून लिहून घ्यावा. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. दर महिन्याचा असेल, तर ५०,००० रुपयांवर दरमहा १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये, म्हणजे ३६ टक्के व्याज होते. थकलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळवले जात असेल, तर रक्कम बारा वेळा १.०३ ने गुणावी. देणे सुमारे ७१,२८८ रुपये निघते. कापसाच्या अपेक्षित उत्पन्नाशी हा आकडा ताडून मगच होकार द्यावा.