इंग्रजी डायरीतले काळ कसे तपासावेत?

मराठी माध्यमातल्या मुलाने इंग्रजीत लिहिलेली डायरी पुढे केली, की आपला हात आधी लाल पेनाकडे जातो. तो आवरा. पहिल्यांदा नुसतं वाचा आणि मजकुराबद्दल काहीतरी विचारा: मग मामा ओरडला का? त्यानंतर तपासायला घ्या.

दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा ओढा. स्पेलिंग, 'अ' आणि 'द' आज राहू द्या. सगळंच एकदम सुधारलं तर पोरगं पुढचं पान लिहायचंच नाही. प्रत्येक रेघेपाशी विचारा: हे कधी घडलं? घडून गेलेली हकिकत साध्या भूतकाळात चालते: वेंट, सॉ, केम. मात्र मध्येच 'माय ग्रँडमदर लिव्ह्ज इन कागल' आलं तर हात लावू नका. आजी अजून कागललाच राहते.

आपल्याकडची खरी गोम 'हॅड'मध्ये आहे. 'रविवारी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो' हे आपण सहज बोलतो, म्हणून कागदावर 'वुई हॅड गॉन टू कोल्हापूर लास्ट संडे' उतरतं. इथे 'वुई वेंट' पुरे. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची दाखवायला: 'व्हेन वुई रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' आधी बस गेली, मग आपण पोचलो. प्रत्येक 'हॅड'वर बोट ठेवून मुलाला विचारा, यानंतर काय झालं? मजकुरात त्याचं उत्तर सापडलं नाही, तर बहुतेक वेळा तो 'हॅड' खोडायचाच असतो.

बाकीच्या चुका लवकर सुटतात. 'यस्टरडे' असेल तर 'आय हॅव सीन' चालत नाही, 'आय सॉ' लिहायचं. 'डिड नॉट वेंट'मध्ये 'डिड'नेच भूतकाळ दाखवला, पुढे 'गो'. '2018पासून इथे राहतो' म्हणायचं असेल तर 'आय ॲम लिव्हिंग'ऐवजी 'आय हॅव बीन लिव्हिंग'.

बरोबर रूप स्वतः लिहून देऊ नका. ओळीच्या कडेला टिंब द्या आणि चूक त्यालाच शोधू द्या. वेळ लागतो, पण उतरवून घेतलेलं उत्तर सहसा टिकत नाही. दुरुस्त पान त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळला की तिथे पुन्हा बघा.

आणि 'वुई एट भडंग ऑन द वे' असं वाक्य आलं, तर भडंग तसाच राहू द्या. 'एट' बरोबर आहे.