मोठ्या संख्येचे अवयव कागदावर कसे पाडावेत

दहा अंकी संख्या दिसली की हात मोबाइलकडे जातो. तो जरा बाजूला ठेवा आणि वहीत लिहा: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७.

आधी शाळेतल्या कसोट्या उरका. शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ साठी तीन भागाकार नकोत. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-वजा करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणजे आपल्या संख्येलाही नाही. (७ × ११ × १३ = १००१, खरी गंमत तिथे आहे.)

आता कुठवर जायचं? वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे. तोवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कोण करणार! म्हणून संख्येची घडण बघा. ६५,५३६ चा वर्ग करून १ मिळवला की हीच संख्या येते, म्हणजे ती २ चा ३२ वा घात अधिक १ आहे. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मालिकेतली ही पुढची. पहिल्या पाच मूळ आहेत, तेव्हा पुढच्याही असतील, असं १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटलं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी ते मोडून काढलं.

त्यांची किल्ली अशी: या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या कुठल्या तरी पटीपेक्षा १ ने जास्त असतो. मग ६५, १२९, १९३ अशी यादी करा आणि मूळ नसलेल्या संख्या खोडा. ६४१ पर्यंत उरतात फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी बाकी उरते. ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि उत्तर येतं ६७,००,४१७.

इथे थांबू नका, ही घाई बरेच जण करतात. ६७,००,४१७ मूळ आहे का? वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. पुढे फ्रेंच गणिती ल्युका यांनी दाखवलं की ६४ ऐवजी १२८ च्या पटी घेतल्या तरी चालतं. मग तपासायला उरतात ६४१ (पुन्हा एकदा!), ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे मूळच.

विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८.

मला सर्वात आवडतो तो शेवटचा खेळ. ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². तिरके गुणाकार करा: २५ × ४०९ = १०,२२५, ४ × २,५५६ = १०,२२४. सरळ गुणाकार ६३,९०० आणि १,६३६. तिरक्यांची बेरीज आणि सरळांची वजाबाकी घेतली तर २०,४४९² + ६२,२६४². उलट केलं तर १² + ६५,५३६². दोन्हींची उत्तरं आपलीच संख्या! मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन तऱ्हांनी कधीच मांडता येत नाही, तेव्हा ६४१ सापडला नसता तरी एवढ्यावरून फर्मा यांचा अंदाज चुकलाच असता.