सड्यावर बसून डाउनलोड केलेला कंपायलर

रिस्क-फाइव्ह, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांचा खुला संच, शिकायला सुरुवात करताय ना? मग कंपायलर, म्हणजे आपला कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, स्वतः सोर्समधून बिल्ड करायला जाऊ नका. निदान जूनच्या शेवटी देवगड तालुक्यात बसून तरी नकोच.

मी तेच केलं होतं. परीक्षा संपवून घरी आलो होतो आणि डोक्यात भूत होतं की खरा इंजिनिअर टूलचेन (कंपायलर आणि त्याच्यासोबतची साधनं) स्वतः बिल्ड करतो. ग्नू टूलचेनच्या रिपॉझिटरीत स्पष्ट लिहिलेलं आहे की सगळं मिळून साडेसहा जीबीच्या आसपास डाउनलोड होतं. आमच्या वाडीत रेंज येते ती वर सड्यावर. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, छत्री मानेत अडकवून दोन संध्याकाळी कातळावर बसलो तेव्हा सोर्स घरात आला. मग मेक, म्हणजे बिल्ड करणारी कमांड, सुरू केलं. पंखा घोंघावतोय, लॅपटॉप तापलाय आणि आजी दर अर्ध्या तासाने विचारतेय, "अजून शिजला नाय काय रे तुझा?" तिसऱ्या तासाला लाइट गेली. बॅटरी आधीच दमलेली, तीही बसली. लाइट आल्यावर पुन्हा चालवलं तर एक ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिलेली निघाली, म्हणून सगळं पुसून परत पहिल्यापासून.

तयार बायनरी, म्हणजे आधीच बिल्ड केलेली टूलचेन, घेण्यात कमीपणा काही नाही. रिस्क-फाइव्हचं आर्किटेक्चर २०१० मध्ये बर्कलीला सुरू झालं, ते खुलं आहे, आणि आयआयटी मद्रासचा शक्ती किंवा सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. जीसीसी हा ग्नूचा कंपायलरही मुक्त आहे. म्हणजे पैशाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न असतो तो नेमकी कुठली बायनरी घ्यायची हा, आणि तिथे नाव वाचता आलं की अर्धं काम होतं.

नावाच्या शेवटी 'लिनक्स-ग्नू' असेल तर ती टूलचेन खाली लिनक्स चालू आहे असं धरून चालते. प्रिंटएफ केलं की ती शेवटी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जाते. नुसत्या चिपवर कर्नल कुठून आणणार? तिथे 'एल्फ' ने संपणारी हवी. आणि 'रिस्कव्ही६४' मधल्या ६४ ला घाबरू नका. तोच कंपायलर ३२ बिटचा कोडही काढतो, फक्त मार्च (-march, चिपला कुठल्या सूचना कळतात ते) आणि एमएबीआय (-mabi, कुठला एबीआय, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना मूल्यं कशी द्यायची ते) हे दोन फ्लॅग नीट द्यावे लागतात. मी या एका आकड्यापायी चार दिवस '३२' नावाची टूलचेन शोधत होतो. आपल्या चिपसाठी लायब्ररी आत आहे का, हे कंपायलरला 'प्रिंट-मल्टी-लिब' फ्लॅग देऊन विचारलं की यादीत दिसतं. डाउनलोड झाल्यावर सगळ्यात आधी मी हेच बघतो. सीएच३२व्ही००३ सारख्या स्वस्त चिपमध्ये कोअर आरव्ही३२ईसी असतो, रॅम जेमतेम २ केबी आणि फ्लॅश १६ केबी. त्याला आयएलपी३२ई हा एबीआय लागतो. साधा आयएलपी३२ दिलात तर चालणार नाही.

सोर्सचा नाद सोडल्यावर मी उबुंटू लिनक्सच्या एपीटी या पॅकेज इन्स्टॉलरमधलं 'अननोन-एल्फ' पॅकेज टाकलं. दोन मिनिटांत झालं. खूश होऊन पहिला प्रोग्रॅम लिहिला, तर एसटीडीआयओ डॉट एच (प्रिंटएफसाठी लागणारी फाइल) सापडत नाही म्हणे! त्या पॅकेजात नुसता कंपायलर येतो, सी लायब्ररी येत नाही. पिकोलिबसी ही छोटी सी लायब्ररी वेगळी टाकायची आणि तिची स्पेक्स फाइल (सेटिंगची फाइल) फ्लॅगमध्ये द्यायची, मग चालतं. पण नवख्याने पहिल्याच दिवशी हे का निस्तरावं?

म्हणून मी आता कोणालाही एक्सपॅक या प्रकल्पाची तयार टूलचेन सांगतो. न्यूलिब ही सी लायब्ररी आतच असते, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींसाठी मिळते, ॲडमिन पासवर्ड लागत नाही. फोल्डर उघडायचं, पाथमध्ये टाकायचं. नको झाली तर फोल्डर उडवायचं. फक्त तिचं नाव 'रिस्कव्ही-नन-एल्फ' असं आहे, त्यामुळे मेकफाइलमधला प्रिफिक्स (कमांडच्या नावाची सुरुवात) बदलावा लागतो. जुन्या धड्यांत 'नन-एम्बेड' दिसेल, ते तिचंच आधीचं नाव. एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२-सी३ चिपवर काम करणार असाल तर मात्र माझं ऐकू नका, एस्प्रेसिफच्या इन्स्टॉलरने जी टूलचेन येते तीच ठेवा.

आता ती चूक, जिच्यात माझा आख्खा रविवार गेला. धड्यातला कोड जसाच्या तसा उतरवला होता, आणि असेंब्लर म्हणाला सीएसआरआर (प्रोसेसरचे नियंत्रण-रजिस्टर, म्हणजे सीएसआर, वाचणारी) ही सूचना मला माहीत नाही. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोड बरोबर होता. २०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ पासून सीएसआरच्या सूचना मूळ 'आय' संचात धरल्या जात नाहीत. मार्च फ्लॅगमध्ये पुढे 'अंडरस्कोर झेडआयसीएसआर' जोडावं लागतं. धडा त्याआधीचा होता. तेव्हापासून धडा कुठल्या व्हर्जनवर लिहिलाय ते आधी बघतो, आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत टूलचेन अपडेट करत नाही.

लिनक्स आणि विंडोज दोन्हींसाठी डाउनलोड केलेल्या फाइली मी पेनड्राइव्हवर ठेवतो, सोबत त्यांच्या शा फाइलीही (फाइल पूर्ण आहे का ते तपासायचा आकडा). सड्यावरचं नेट मध्येच तुटलं की फाइल दिसते पूर्ण, पण असते अर्धवट. शा जुळवली की लगेच कळतं. कणकवलीच्या मामेभावाला तोच पेनड्राइव्ह दिला. रात्री त्याचा फोन, "दादा, मेक चालत नाही रे." विचारलं, कुठे उघडलीस? डेस्कटॉपवर, 'नवीन फोल्डर' मध्ये. मेकला पाथमधली मोकळी जागा पचत नाही. सी ड्राइव्हवर सरळ 'टूल्स' नावाचं फोल्डर करायला लावलं, आणि पाच मिनिटांनी त्याने बोर्डवरच्या लुकलुकणाऱ्या एलईडीचा व्हिडिओ पाठवला.