परदेशी क्लबचं फुटबॉल केंद्र आपल्या गावात आणताना

युरोपातला एखादा क्लब आपल्याकडे येतो तो दोन गोष्टींसाठी. त्याला टी-शर्ट विकत घेणारे चाहते हवे असतात आणि उद्या खेळाडू होतील अशी पोरं हवी असतात. दोन्हींत वावगं काही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मंडळाला मात्र एवढंच हवं असतं की गावात फुटबॉल रुजावा आणि क्लब उद्या निघून गेला तरी रविवारची मॅच चुकू नये. दोघांचं हे हवं-नको कागदावर कसं आणायचं आणि मैदानात कसं उतरवायचं, ते पुढे दिलं आहे.

मोठं नाव आलं म्हणजे खेळ रुजतोच असं नाही. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडे गेले आणि तिथे सत्तर हजारांवर प्रेक्षक जमू लागले. १९७७ मध्ये हाच संघ कोलकात्याला येऊन ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ बरोबरीत खेळून गेला. पण कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळायचा, ती लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली. आपल्याकडे अ‍ॅटलेटिको माद्रिद २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) कोलकात्याच्या संघात भागीदार झाला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. त्यानं कोलकात्याचा फुटबॉल थांबला नाही, कारण मोहन बागान तिथं १८८९ पासून उभा आहे. आपल्या बऱ्याच गावांत असा पाया अजून नाही, तो आधी घालावा लागेल.

केंद्र कुणाच्या अंगणात

सीमेपलीकडे कोल्हापूरकडे बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं कुस्तीची आणि संघ फुटबॉलचे. संघ पेठेचा असतो, म्हणून शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ येऊन बसते. आपल्याकडेही तालीम आणि तरुण मंडळं गावोगाव आहेत. परदेशी क्लबचं केंद्र स्वतंत्र उभं करण्यापेक्षा यांपैकी एकाच्या नावाला जोडा. मंडळाची सोसायटी म्हणून नोंदणी नसेल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली ती आधी करून घ्या. करारावर सही कुणी करायची हा वाद त्याशिवाय मिटत नाही.

गाव निवडताना मैदानाआधी शाळा बघा. हाकेच्या अंतरावर दोन शाळा आणि त्यांत आठ ते बारा वयाची शंभरेक पोरं असतील तर केंद्र चालेल. एकट्या शाळेवर उभारलेलं केंद्र पीटीच्या सरांची बदली झाली की बसतं.

करारात काय असावं

मुदत किमान तीन वर्षं. पहिल्या वर्षी हौस असते, गळती लागते ती दुसऱ्या वर्षी, आणि तिसऱ्या वर्षी गावातलीच मोठी पोरं लहानांना शिकवू लागतात. एक वर्षाचा करार म्हणजे उद्घाटनाचे फोटो. क्लबला मुदतीआधी निघायचं असेल तर सहा महिन्यांची लेखी नोटीस आणि तेवढ्या काळाचा कोचचा पगार आगाऊ जमा, ही अट सोडू नका. गोल, जाळ्या, चेंडू मंडळाच्या मालकीचे राहतील हेही लिहून घ्या.

बोधचिन्ह आणि नाव कुठे वापरायचं याची लेखी परवानगी घ्या. ती नसताना गल्लीतल्या प्रिंटरकडून जर्सी छापून घेतली तर ट्रेडमार्कचा भंग होतो. फलक लावताना २०२४ पासूनचा नियम लक्षात ठेवा: कर्नाटकात पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये लागतो. मराठी आणि इंग्रजी उरलेल्या जागेत नीट बसवा. पाटी उतरवायला लागली की केंद्राबद्दल गावात नको ती चर्चा सुरू होते.

परदेशातून येणारा पैसा मंडळाच्या रोजच्या खात्यात घेऊ नका. देणगी म्हणून येणाऱ्या रकमेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. शिकवण्याचा मोबदला म्हणून बिलाने घ्यायची असेल तर कागद वेगळे. सीएला करार दाखवल्याशिवाय एक रुपया घेऊ नका. परदेशी कोच येणार असेल तर पर्यटक व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही, एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो कुणाच्या घरी उतरला तर त्या घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची असते. पाहुणा आहे, कोण विचारतंय, असं म्हणून हे राहून जातं.

पालकांना सांगायची एक गोष्ट, अगदी स्पष्ट

पोरगं चौदा वर्षांचं आहे, दोन लाख भरा, युरोपात नेतो, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फिफाच्या नियमांतलं १९ वं कलम अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबमध्ये बदली करायला मनाई करतं. त्याला अपवाद मोजके आहेत. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, हा त्यांपैकी एक. ऊस विकून आलेले पैसे असल्या आमिषात जाऊ नयेत, म्हणून पहिल्याच पालक सभेत हे मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा.

याच नियमांत आपल्या फायद्याची बाजूही आहे आणि तिची माहिती फार थोड्या मंडळांना असते. खेळाडूची कराराच्या मुदतीत पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली झाली की त्या रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वयात जिथं शिकला त्या क्लबांना वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला या वाट्याचे ५ टक्के आणि १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाला १० टक्के. बदली एक कोटीची झाली तर वाटा पाच लाखांचा. पोरगं बारा ते पंधरा तुमच्याकडे खेळलं असेल तर चार हंगामांचे एक लाख तुमचे. अट एकच, त्या काळात त्याची नोंदणी तुमच्या नावावर हवी. परदेशी क्लबच्या करारात हा हक्क गुपचूप त्यांच्याकडे जात नाही ना, ते कलम दोनदा वाचा.

नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस पोर्टलवर होते. बेळगाव जिल्हा कर्नाटक राज्य संघटनेखाली येतो, चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूर महाराष्ट्राच्या विफा संघटनेखाली. निपाणीचा मुलगा कोल्हापूरच्या संघातून खेळत असेल तर त्याला एकाच वेळी दोन्हीकडे नोंदवता येत नाही. आधी रीतसर ट्रान्स्फर, मग खेळ. मैत्रीच्या मॅचेस मात्र पलीकडे जाऊन खुशाल खेळा. गडहिंग्लजला फुटबॉल जुना आहे आणि संकेश्वरच्या पोरांना ते बेळगाव शहरापेक्षा जवळ पडतं.

मैदान

खानापूर-बेळगावकडे तांबडी, मुरमाड जमीन, निपाणी-चिकोडीकडे काळी. दोघींचा त्रास वेगळा. मुरमावर पाणी थांबत नाही, पण घसरलं की गुडघा सोलून निघतो, म्हणून खडे वेचून वर दोन बोटं गाळाची माती पसरा आणि पाणी मारून रोलर फिरवा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात बूट रुतून बसतो. तिथे मध्य उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार काढा. ६४ मीटर रुंदीच्या मैदानात मध्यभाग कडेपेक्षा साधारण ३० सेंटीमीटर उंच असला की पाणी चरात जातं. जूनआधी चर मोकळा करायला विसरू नका.

लहान मुलांना पूर्ण मैदान नको. सात-सातच्या खेळाला ५५ बाय ३७ मीटर आणि गोल १२ बाय ६ फुटांचा पुरतो. एका मोठ्या मैदानात अशी दोन आडवी मैदानं बसतात, म्हणजे २८ पोरं एकदम खेळतात.

आखणीला चुना वापरू नका. कळीचा चुना घामाला लागला की कातडी भाजते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. विझवलेलाही डोळ्याला वाईटच. खडूची पूड किंवा पाण्यातला पांढरा रंग घ्या. रेघ १२ सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

गोल गावातल्या वेल्डरकडून दोन इंची जीआय नळीचे करून घेता येतात. धोका वजनाचा आहे. पोरं आडव्या नळीला लोंबकळतात आणि गोल पुढे कोसळतो. मागच्या नळीवर २५ किलोची वाळूची चार पोती ठेवा, खुंट्या ठोका, आणि दर सरावाआधी कोचने स्वतः पुढे ओढून बघायचं. गोल हलला तर त्या दिवशी गोलाशिवाय सराव.

सामान

चोवीस पोरांना चार नंबरचे किमान बारा चेंडू, म्हणजे दोघांत एक. आठ वर्षांखालच्यांना तीन नंबर, तेरापासून पुढे पाच नंबर. चकचकीत शिवलेला चेंडू मुरमावर महिन्यात सोलतो. रबराच्या पृष्ठभागाचा, कडक जमिनीसाठीचा चेंडू घ्या, दिसायला साधा पण टिकतो. हवा ०.६ ते १.१ बार चालते, कडक जमिनीवर खालच्या आकड्याजवळ ठेवा, नाहीतर चेंडू डोक्यावरून उड्या मारतो आणि पायात घ्यायला पोरं शिकतच नाहीत. पंपाची सुई कोरडी घुसवू नका. ग्लिसरीनचा एक थेंब बोटावर घ्या, सुईला फिरवा, मग सरळ रेषेत हळू दाबा. तिरकी गेली की व्हॉल्व्ह फाटतो, आणि तो चेंडू सकाळी फुगतो, संध्याकाळी बसतो.

बूट पहिल्या वर्षी सक्तीचे करू नका. जर्सीआधी कोन आणि दोन रंगांची बिब्स (संघ ओळखायला वरून घालायची बिनबाह्यांची बंडी) घ्या. क्लब उलट क्रमाने पाठवतात.

कोच, सराव आणि मॅच

बारा पोरांमागे एक कोच. बाहेरून मोठा लायसन्सवाला महिन्यातून एकदा आला तर चांगलंच, पण रोजचा माणूस गावातला हवा. महासंघाचे सुरुवातीचे कोचिंग कोर्स पीटीचे शिक्षक आणि सैन्यातून निवृत्त झालेले खेळाडू करू शकतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने असे लोक आपल्याकडे शोधावे लागत नाहीत. कोर्सची फी क्लबने भरावी. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. तो दोनदा उशिरा झाला की कोच ट्यूशन किंवा दुसरं काम धरतो, आणि केंद्र मोडतं ते तिथून.

सूचना मुलांच्या भाषेत द्या. वर्गात मराठी, कन्नड, उर्दू आणि खानापूरकडे कोकणी बोलणारी पोरं एकत्र असतात. ‘पास’, ‘मॅन ऑन’ (मागून कुणी येतंय), ‘टर्न’ एवढे शब्द सगळ्यांना एकच ठेवा, बाकी समजावणं ज्याच्या त्याच्या भाषेत.

आठवड्यात ७५ मिनिटांचे दोन सराव आणि रविवारी सकाळी सातला मॅच. सरावाला पोरं कंटाळतात, मॅचला नाही. चार गावांची केंद्रं मिळून दोनदा आमनेसामने खेळली तर १२ मॅचेस होतात, एका रविवारी दोन, म्हणजे सहा रविवार. सगळे एकाच मैदानावर आणा म्हणजे वडापचं भाडं वाटून जातं. रेफरी सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली असू द्या, आणि कडेला उभ्या पालकांनी त्यांच्यावर ओरडायचं नाही हे आधीच सांगा.

मुलींसाठी वेळ वेगळी ठेवण्यापेक्षा अंधाराआधी संपणारी वेळ ठेवा. ट्रॅकपँट घालून खेळायची मुभा, कपडे बदलायला बंद खोली आणि सरावाला एक बाई हजर, या तीन गोष्टी असतील तर आया स्वतः आणून सोडतात. पालकांशी बोलायचं तर स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) बैठकीत जा, निपाणीत विडी कामगार बायकांना सुट्टी असेल तो दिवस बघून. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करा आणि फोटो वापरायला पालकांची सही घ्या.

वर्षाचं गणित

क्लबचं वेळापत्रक त्यांच्या हंगामावर बेतलेलं येतं, ऑगस्टला सुरुवात. खानापूरला ऑगस्टमध्ये मैदानच दिसत नाही. पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये चेंडू पायात खेळवणं आणि नियम, गणपती उरकल्यावर मैदान. खरी लीग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाच उसाचे गाळप चालू असतं, फडात जाणारी पोरं येत-जात राहतील, त्यांची नावं कापू नका. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, मॅच ठेवू नका, त्या दिवशी मिरवणुका आणि बंदोबस्त असतो. मार्चमध्ये एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, आणि वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथाची तालीम सुरू झाली की मोठी पोरं संध्याकाळी मिळत नाहीत. तेव्हा त्यांचा सराव सकाळी घ्या.

मे संपता संपता गोलच्या जाळ्या उतरवा. धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, दोरीने खुंटीला टांगा. घडी करून पोत्यात ठेवलेली जाळी उंदीर कुरतडतात, आणि ते कळतं सप्टेंबरात, पहिल्या रविवारी.